वाळलेल्या दूर्वा

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. दोघातिघांनी मेल करून विचारलंही, "तब्येत बरी आहे ना?" माझी बरी आहे. बिस्कीटची नव्हती. घोड्याच्या जीवनसत्त्वांविषयी वाचायला कोणाला आवडेल असं मला वाटत नाही, पण गेले सात-आठ महिने माझ्या डोक्यात दुसरं काही नाही, त्यामुळे आज तेच लिहितो. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी शेवटचे दोन परिच्छेद वाचले तरी चालेल :)

नवीन वाचकांसाठी थोडी ओळख. बिस्कीट हा आमच्या लेकीचा घोडा. क्वार्टर हॉर्स, तांबूस रंगाचा, कपाळावर पांढरा टिळा. २०१७ साली घेतला तेव्हा लेक बारा वर्षांची होती आणि तो तेरा. कागदोपत्री त्याचं भलंमोठं नाव आहे. रंग बघून लेकीनं त्याला बिस्कीट म्हणायला सुरुवात केली आणि आईनं पुण्याहून फोनवर त्याचा 'पार्ले' करून टाकला. अजूनही ती दर रविवारी आमच्या सगळ्यांची चौकशी झाली की विचारते, "आणि आमचा पार्ले काय म्हणतोय?"

२०२३च्या ऑगस्टमध्ये लेक कॉलेजला दुसऱ्या राज्यात गेली. घोडा होस्टेलवर नेता येत नाही, विकायचा विषय काढला तर ती दोन दिवस जेवली नाही, तेव्हा तो माझ्या वाट्याला आला. मला घोड्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. लहानपणी माथेरानला दोन रुपयांत एक चक्कर मारली होती, तेवढाच काय तो अनुभव. जाण्याआधी लेकीनं एक वही लिहून दिली. किती वाजता काय द्यायचं, खूर कधी साफ करायचे, कुठे खाजवलं की आवडतं. सगळं तिच्या त्या गोल गोल अक्षरात. त्या वहीच्या दुसऱ्या पानावर एक ओळ होती: "पावडर, रोज एक पूर्ण माप. विसरू नकोस बाबा." ही ओळ लक्षात ठेवा.

आम्ही राहतो ॲरिझोनात, फिनिक्सजवळ. इथले बहुतेक घोडे कुरणात राहत नाहीत, कारण कुरणच नाही. लोखंडी पाइपांचं कुंपण, वर पत्र्याची सावली, खाली वाळू, एका बाजूला पाण्याची टाकी. काही ठिकाणी कालव्याचं पाणी सोडून हिरवं गवत वाढवतात, आणि बिस्कीट आधी तशाच जागी होता. पण २०२१च्या वसंतात त्याला लॅमिनायटिस झाला. खुराच्या आतला भाग सुजतो आणि घोड्याला पाऊल टाकवत नाही, असं ते दुखणं. त्याच्या शरीराला साखर पेलवत नाही आणि ताज्या गवतात साखर असते, म्हणून गवत कायमचं बंद झालं. तेव्हापासून तो वाळूच्या आवारात आहे, सुक्या चाऱ्यावर.

आता त्या चाऱ्याची गंमत सांगतो. इथे दोन प्रकारचे गठ्ठे मिळतात. एक अल्फाल्फा, म्हणजे आपली लसूणघास. दुसरं बर्म्युडा ग्रास. पहिल्या वर्षी गणपतीत बायको दूर्वा शोधत होती. शेजारच्या काकूंनी सांगितलं, अगं तुझ्या अंगणातलं लॉन म्हणजे बर्म्युडाच आहे आणि बर्म्युडा म्हणजेच दूर्वा, आपली हरळी! मी हसत सुटलो. साताऱ्याकडे मामा शेतातली हरळी कुदळीनं खणून खणून बेजार व्हायचा, आणि इथे आम्ही तीच गठ्ठ्याला वीस-बावीस डॉलर देऊन विकत घेतो. म्हणजे आमचा बिस्कीट वर्षभर रोज सात-आठ किलो दूर्वा खातो. फक्त वाळलेल्या.

हा 'फक्त वाळलेल्या' शब्द मी तेव्हा गमतीत वापरत असे. त्यातच सगळं होतं हे कळायला चार वर्षं लागली.

२०२४च्या नोव्हेंबरात मला वाटायला लागलं की घोडा उतरतोय. खाणं व्यवस्थित होतं, उलट जास्तच. पण पाठीच्या दोन्ही बाजूंचं मांस बसत चाललेलं, पुठ्ठ्यांवरचा गोलवा गेलेला. मी म्हटलं, वीस वर्षांचा झाला, म्हातारपण आहे. माणसाचं नाही का होत? तबेल्यावर काम करणारे एक मेक्सिकन गृहस्थ आहेत, साठीच्या पुढचे, घोड्यांतच आयुष्य गेलेलं. त्यांनी एक दिवस मला थांबवलं आणि नुसतं बोट दाखवलं. बिस्कीट चारही पाय पोटाखाली घेऊन उभा होता. सर्कशीतला हत्ती छोट्या स्टुलावर उभा राहतो ना, अगदी तसा. मागचे पाय सारखे आळीपाळीनं बदलत होता. पुढच्या पायाच्या वर, खांद्याखालच्या मांसात बारीक थरथर होती, थंडी वाजल्यासारखी. दुपारचं ऊन होतं. ते म्हणाले, "हा आता खूप वेळ बसून असतो. तुम्ही संध्याकाळी येता, तुम्हाला दिसत नाही."

डॉक्टरांना बोलावलं. आमच्या व्हेटबाई कमी बोलतात. त्यांनी आधी नेहमीचे संशयित तपासले. दात ठीक. जंत नाहीत. म्हाताऱ्या घोड्यांना होणाऱ्या कुशिंगची रक्ततपासणी, तीही ठीक. मग जानेवारीत त्या पुन्हा आल्या, त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि मला एकच प्रश्न विचारला.

"यानं शेवटचं ताजं गवत कधी खाल्लं?"

मी मनात हिशोब केला. चार वर्षं होत आली होती.

त्यांनी ई जीवनसत्त्वासाठी रक्त घेतलं. मला वाटलं, रक्त घेतलं की झालं. तर तेही साधं नाही. ई जीवनसत्त्व उजेडानं खराब होतं, म्हणून नळी झाकून ठेवायची. ते बाटलीच्या रबरी बुचाला चिकटतं, म्हणून रक्त बुचाला लागू द्यायचं नाही, नळी उभीच धरायची. आणि थंडही ठेवायचं. बाई ती नळी चांदीच्या कागदात गुंडाळून बर्फाच्या पेटीत अशा जपून ठेवत होत्या की मला उगीचच भीती वाटायला लागली.

आठवड्याभरानं निकाल आला. रक्तात दर मिलीलिटरला दोन मायक्रोग्रॅमच्या वर असलं तर ठीक, दीडच्या खाली म्हणजे कमतरता. बिस्कीटचं होतं ०.९.

मी म्हटलं, "पण मी तर त्याला व्हिटॅमिनची पावडर देतो!"

"कुठली? आणि किती?"

इथे मला वहीची ती ओळ आठवली. आणि मी जरा गप्प झालो. कारण 'रोज एक पूर्ण माप' मी देत नव्हतो. लेक गेल्यावर महिन्याभरात पावडरचा डबा संपला, नवा घ्यायला गेलो तर भाव बराच वाढलेला. मी विचार केला, आता याच्यावर कोणी बसत नाही, कष्ट नाहीत, याला पूर्ण माप कशाला? आणि अर्धं द्यायला लागलो. महिन्याला पंधराएक डॉलर वाचत होते. सोळा महिन्यांचे दोनशे चाळीस. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असंही वाटलं नव्हतं. डब्यावर मोठ्या अक्षरांत 'व्हिटॅमिन ई'युक्त असं लिहिलं होतं आणि माझ्या मनात त्या रकान्यावर बरोबरची खूण झाली होती.

त्या रात्री पहिल्यांदा मी डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचली. पूर्ण मापात ५०० आययू, म्हणजे मी देत होतो २५०. पाचशे किलोच्या घोड्याला, तो नुसता उभा असला तरी, दिवसाला किमान ५०० लागतात आणि काम करत असला तर १०००. हे अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं २००७ साली घोड्यांच्या आहारावर काढलेल्या पुस्तकातले आकडे. कुरणातल्या घोड्याला हे मोजावं लागत नाही, ताज्या गवतातून सहज मिळतं. पण गवत कापून उन्हात पडलं की वाळता वाळताच त्यातलं बरंचसं ई उडून जातं, आणि उरलेलं गठ्ठ्यात साठवून ठेवताना महिन्यामहिन्यानं कमी होत जातं. गठ्ठा दिसायला छान हिरवट असला, वास मस्त असला, प्रथिनं आणि खनिजं जागच्या जागी असली, तरी हे एक नसतं. आणि घोड्याचं शरीर ते स्वतः बनवू शकत नाही.

मामाची आठवण झाली. तो उन्हाळ्यात बैलांना कडबा घालायचा, पण विहिरीजवळ दोन वाफे घासाचे राखलेले असायचे. रोज संध्याकाळी एकेक पेंढी तोडायचा. मी विचारलं होतं, एवढ्याशा घासानं काय पोट भरणार? तो म्हणाला होता, "पोट कडब्यानं भरतंय. पर नुसत्या कडब्यावर जनावर अंग धरत न्हाई." त्याला टोकोफेरॉल हा शब्द माहीत नव्हता. मला माहीत होता, फार्मा कंपनीत काम केलंय मी.

या जीवनसत्त्वाचा शोधही हिरव्या पानातूनच लागला. १९२२ साली कॅलिफोर्नियात, बर्कलीला, इव्हान्स आणि बिशप या दोघांनी उंदरांना शुद्ध केलेलं अन्न दिलं. उंदीर वाढले, धष्टपुष्ट दिसले, पण त्यांची पिल्लं गर्भातच मरायची. मग लेट्यूसची पानं दिली आणि पिल्लं जगली. म्हणून त्याला नाव पडलं टोकोफेरॉल, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ जन्म घडवणारं. वरवर सगळं ठीक, आतून काहीतरी राहिलेलं, असाच त्याचा स्वभाव आहे.

घोड्यांच्या बाबतीत हे मज्जातंतूंवर येतं. १९९० साली कॉर्नेल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी एका नव्या आजाराचं वर्णन केलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी मरत जातात, स्नायू वाळत जातात, घोडा थरथरतो, पाय एकत्र घेऊन उभा राहतो. पुढे लक्षात आलं की हे घोडे दीर्घकाळ ताज्या गवताशिवाय राहिलेले आणि ई जीवनसत्त्व कमी असलेले आहेत. व्हेटबाईंनी सांगितलं की बिस्कीटच्या बाबतीत दोन शक्यता आहेत. फक्त स्नायूंवर परिणाम झाला असेल तर काही महिन्यांत भरून येईल. मज्जापेशी गेल्या असतील तर त्या परत येत नाहीत. त्यातले साधारण पाचांतले दोन घोडे सुधारतात, दोन आहेत तिथे थांबतात, एक खालावत जातो. डोळ्यांत उजेड टाकून त्यांनी पडद्यावर तपकिरी डाग दिसतात का तेही पाहिलं, दिसले नाहीत. शेपटीच्या बुडाशी एक छोटा स्नायू असतो, त्याचा तुकडा तपासता येतो. पण उपचार दोन्हींत एकच, म्हणून आधी उपचार सुरू करू असं ठरलं. उपचार काय, तर ई द्यायचं. सोपं वाटतं ना? मलाही वाटलं.

पहिला विचार अर्थात घरगुती. अंकुरित गहू, गव्हांकुराचं तेल! आपल्याकडे सगळ्यावर असतो तसा रामबाण. पण वही घेऊन हिशोब केला. गव्हांकुराच्या तेलाच्या एका मोठ्या चमच्यात जेमतेम तीस आययू. हजारासाठी तेहेतीस चमचे, म्हणजे रोज जवळपास अर्धा लिटर तेल. सूर्यफुलाच्या बिया? रोज दोन किलो. घोडा आहे, मान्य, पण तरी... शेवटी बायकोनं सुचवलं, आपलं लॉन कापतोस ते ने की. खरंच पिशवी भरून निघालो होतो. तबेल्याच्या मालकीणबाईंनी फाटकातच अडवलं. कापलेलं लॉन ढिगात लगेच आंबतं, घोडा ते न चावता गिळतो, पोटदुखीनं मरू शकतो. शिवाय त्याला गवत बंद आहे हे विसरलात का? पिशवी कचऱ्यात गेली.

मग दुकानात गेलो आणि तिथे खरी परीक्षा. एका फळीवर पंधरा-वीस डबे, सगळ्यांवर धावणारे चकचकीत घोडे. मी एकेक उलटा करून वाचायला लागलो. त्यातून जे कळलं ते थोडक्यात सांगतो, कोणाच्या कामी आलं तर.

पहिली गोष्ट, एका 'एल'ची. लेबलवर 'डी-अल्फा' लिहिलं असेल तर ते नैसर्गिक, वनस्पतींच्या तेलापासून काढलेलं. 'डीएल-अल्फा' असेल तर कारखान्यात बनवलेलं. कारखान्यातल्यात आठ वेगवेगळ्या घडणीचे रेणू मिसळलेले असतात आणि त्यातला एकच गवतातल्यासारखा. म्हणजे आठ किल्ल्यांचा जुडगा, एक आपल्या कुलपाची, दोन-तीन खटपट करून थोड्या फिरणाऱ्या, बाकीच्या निव्वळ ओझं. आपलं आणि घोड्याचं यकृत नेमकी ती एक किल्ली ओळखून ठेवून घेतं. माझ्या डब्यावर 'डीएल' होतं. माणसांच्या गोळ्यांवर आता आययूऐवजी मिलिग्रॅम छापतात, तिथे हा फरक उघड दिसतो. पूर्वीची ४०० आययूची नैसर्गिक गोळी आता २६८ मिलिग्रॅम आणि कारखान्यातली १८०. घोड्यांच्या डब्यांवर मात्र अजून आययूच असतं, तेव्हा आकडा सारखा दिसला तरी माल सारखा नसतो.

दुसरी गोष्ट, 'ॲसिटेट' हा शब्द. ई हवेनं लवकर बिघडतं, म्हणून त्याला रसायनाचं एक टोपण लावून पावडर करतात. टिकते छान. पण आतड्यात आधी ते टोपण काढावं लागतं, मग ते शोषलं जातं, आणि तेही सोबत तेल-तूप असेल तर. ज्याचं रक्त ठीक आहे त्याला राखण्यापुरती नैसर्गिक पावडर चमचाभर तेलाबरोबर पुरते. पण ज्याची टाकी रिकामी आहे त्याला ती भरायला महिनोन् महिने लागतात, आणि तेवढा वेळ बिस्कीटकडे नव्हता. त्याच्यासाठी पाण्यात मिसळणारं, टोपण नसलेलं, नैसर्गिक द्रवरूप ई. ते काही दिवसांतच रक्तात दिसायला लागतं. दिवसाला ५००० आययू, म्हणजे दहा मिलीची एक सिरिंज, सुईशिवाय, चाऱ्यावर. खर्च अर्थात सगळ्यात जास्त, पावडर तीस-चाळीस सेंटमध्ये होते तिथे याला रोजचे दोन डॉलर.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. फळीवरच्या निम्म्या डब्यांत ईच्या जोडीला सेलेनियम होतं. दोघं जोडीनं काम करतात हे खरं, आणि माझ्या मनात आलंही की दोन्ही मिळतंय तर बरंच. पण ई थोडं जास्त झालं तर सहसा बिघडत नाही. सेलेनियमचं तसं नाही. घोड्याला ते दिवसाला मिलिग्रॅमभर लागतं आणि फार जास्त झालं तर विष. एप्रिल २००९मध्ये फ्लोरिडातल्या वेलिंग्टनला पोलोच्या स्पर्धेआधी एकाच संघाचे २१ घोडे काही तासांत मेले. त्यांना टोचलेल्या औषधात सेलेनियमचं प्रमाण चुकलं होतं. शिवाय इकडे पश्चिमेकडच्या काही भागांत मातीतच, म्हणून चाऱ्यातही, सेलेनियम भरपूर असतं. ५००० आययू ई अशा जोडीच्या पावडरीतून द्यायचं म्हणजे पाच-दहा मापं, आणि त्याबरोबर पाच-दहा पट सेलेनियम. व्हेटबाईंनी तेही रक्तात तपासलं होतं, ते ठीक होतं. म्हणून नुसतं ई, दुसरं काही नाही.

फळीसमोर उभा राहून मी हे सगळं करत होतो तेव्हा एक तरुण मुलगी, दुकानातली असावी, विचारून गेली, "मदत हवी का?" मी नको म्हटलं. मला मदत दीड वर्षापूर्वी हवी होती.

मग राहिलं लेकीला सांगणं. बायको म्हणाली, कशाला सांगतोस, परीक्षा आहे तिची, आता औषध सुरू झालंय ना. मलाही तेच सोयीचं होतं. दोन दिवस तसेच काढले. पण रोज तबेल्यावर ती वही खुंटीला लटकलेली. तिसऱ्या दिवशी गाडीत बसून फोन लावला आणि सांगून टाकलं. अर्धं माप, सोळा महिने, पैसे वाचवायला. ती गप्प. एवढा वेळ गप्प की मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, "त्याला दुखतंय का, बाबा?"

रागावली असती तर बरं झालं असतं.

मी व्हेटबाईंनाही सरळ विचारलं होतं, पूर्ण माप दिलं असतं तर हे टळलं असतं का? त्या म्हणाल्या, "कदाचित नाही. ते पूर्ण माप त्याला पुरणारं नव्हतंच. त्याच तबेल्यात तोच चारा खाणारे इतर घोडे ठणठणीत आहेत, प्रत्येकाचं शरीर वेगळं. रक्त तपासल्याशिवाय कळत नाही." हे त्यांनी मला बरं वाटावं म्हणून सांगितलं नाही, त्या तशा नाहीत. पण मी त्याला चिकटून बसलो नाही. कारण माझी चूक मापाची होतीच, त्याहून मोठी चूक वेगळी होती. मी डब्यावरचं नाव वाचलं आणि समजलो की झालं. दिलं, एवढंच बघितलं. पोचलं का, ते बघितलं नाही.

महिन्याभरानं पुन्हा रक्त घेतलं, २.६. आकडा सुधारला, घोडा तसाच! थरथर आधी कमी झाली, मार्चच्या सुमारास. मग बसून राहणं कमी झालं. एप्रिलमध्ये एकदा सकाळी गेलो तर तो कुंपणाला मान घासत चारही पाय मोकळे टाकून उभा होता, घोड्यासारखा. ते मेक्सिकन काका लांबून बघत होते. त्यांनी अंगठा वर केला आणि कामाला लागले. पाठीवर मांस परत धरलंय, पूर्वीइतकं नाही. तो आता एकवीस वर्षांचा आहे. त्याच्यावर कोणी बसत नाही, बसणारही नाही, मी रोज संध्याकाळी त्याला दोरीनं अर्धा तास फिरवतो. द्रवरूप ई एकदम बंद केलं तर रक्तातलं प्रमाण झपाट्यानं खाली येतं, म्हणून हळूहळू कमी करत त्याच्या जोडीनं नैसर्गिक पावडर सुरू केली. आता नुसत्या पावडरीवर आहे, तेलाबरोबर, पूर्ण माप. तरी दर काही महिन्यांनी रक्त तपासायचं ठरलंय. नुसता विश्वास ठेवायचं दुकान मी बंद केलंय.

उन्हाळ्यात लेक घरी आली. पहिल्यांदा तबेल्यावर. गाडी नीट थांबायच्या आत उतरली. बराच वेळ त्याच्या मानेत तोंड खुपसून उभी होती, मी उगीच पाण्याची टाकी घासत बसलो. नंतर तिनं खुंटीवरची वही काढली आणि दुसऱ्या पानावरची ती ओळ खोडली. त्याखाली नवीन लिहिलं, किती माप, किती तेल, रक्त कधी. वाचून दाखवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता हे तुझ्या अक्षरात लिही. म्हणजे लक्षात राहील." मी लिहिलं.

परवा गणपती बसले. सकाळी अंगणातल्या लॉनमधून दूर्वा खुडताना दव होतं, हात ओले झाले. एकवीस मोजल्या. गणपतीला वाळलेल्या चालत नाहीत, ताज्याच लागतात, हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि कोणी कारण विचारत नाही. आईचा फोन आला, आरती झाली का, मोदक फुटले का, आणि मग नेहमीचं, "आणि आमचा पार्ले काय म्हणतोय?" सांगितलं, खातोय, बरा आहे. ती म्हणाली, "अरे, त्यालाही चार दूर्वा दे की आज. सणाचं."

चार दूर्वांनी त्याला काही होणार नाही, हे मी व्हेटबाईंना विचारून घेतलं :) संध्याकाळी नेल्या. त्यानं ओठांनी हळूच उचलल्या, एका घासात संपवल्या आणि माझ्या खिशाकडे बघायला लागला.